कोपऱ्याचं दार

घणसोली असो की खारघर, नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की रंगाच्याही आधी ट्रॉल्यांचा विषय निघतो. ताटांची ट्रॉली, कपबशांची ट्रॉली, सगळं भराभर ठरतं. मिस्त्री टेप हातात धरून थबकतो तो कोपऱ्यापाशी.

कारण असं, की ओटा दोन फूट रुंद. एल आकारात त्याचे दोन हात भेटतात तिथे खाली दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन तयार होतो. त्याच्या दोन बाजूंना भिंती, उरलेल्या दोन बाजूंना शेजारची कपाटं. म्हणजे चार चौरस फूट जागा, आणि दार लावायला एक इंचही नाही!

यावरची एक भारी तोड म्हणजे दोन्ही भिंतींलगत तीन-तीन फुटांचं, कोपरा पोटात घेणारं एकच कपाट करायचं. मग प्रत्येक बाजूला फूटभर तोंड मिळतं. तिथे काटकोनात दोन शटर लावायची : एक कपाटाला अडकवलेलं, दुसरं त्या पहिल्याला. नेहमीची बिजागरी ११० अंशांच्या आसपास उघडते. ती लावली तर ही जोडगोळी वाटेतच उभी राहील. म्हणून कपाटाकडे १६५ अंशांची, दोन शटरांच्या मध्ये १३५ अंशांची.

ही बिजागरी दुकानात जरूर हाताळून बघावी. जुन्या पितळी बिजागरीत दार एका खिळीभोवती फिरतं. इथे शटरच्या पाठीत ३५ मिलिमीटर व्यासाची वाटी बसवतात, साधारण १२ मिलिमीटर खोल. प्लाय १८चा; म्हणजे दर्शनी बाजूला उरतात जेमतेम सहा. ड्रिल थोडं जास्त दाबलं गेलं, की सनमायका गेलाच. वाटीतून निघणाऱ्या साध्या बिजागरीला चार सांधे असतात, १६५वालीला सात. त्यामुळे दार ज्या बिंदूभोवती फिरतं तो बिंदू कुठल्याच खिळीत नसतो. तो हवेत असतो आणि दार उघडताना स्वतःही सरकत राहतो! दार आधी किंचित बाजूला होतं, मग वळतं. शेजारच्या शटरमध्ये दोन मिलिमीटरची फट असूनही घासत नाही ते यामुळे. शिवाय पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली हलवायला स्क्रू आहेतच; खाडीकाठच्या पावसाळ्यात प्लाय फुगला की त्यांची किंमत कळते.

हँडल त्या मानाने सोपं वाटतं. जोडशटरला एकच, तेही बिजागरीपासून सर्वांत लांबच्या कडेला. तिथे जोर कमी लागतो. पण कोपरा बंद ठेवून दोन्ही बाजूंना ड्रॉवर केले, तर एकाचं इंचभर पुढे आलेलं हँडल दुसऱ्या ड्रॉवरला बाहेरच येऊ देत नाही. कोपऱ्यात दीड-दोन इंचांची पट्टी सोडतात ती त्यासाठी. ‘जागा वाया घालवली’ म्हणून मिस्त्रीशी भांडू नये.

आणि दुकानदार ‘शहाण्णवचं देऊ की एकशे अठ्ठावीसचं?’ असं का विचारतो? हँडलच्या दोन स्क्रूंमधलं ते अंतर. ९६, १२८, १६० हा बत्तीसचाच पाढा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत एकदम अनेक भोकं पाडणारी यंत्रं आली. त्यांतल्या शेजारशेजारच्या ड्रिलांची दातेरी चाकं ३२ मिलिमीटरहून जवळ नीट बसेनात. तेच माप कपाटांच्या धंद्यात रुजलं, आणि आज वाशीच्या हार्डवेअरच्या काउंटरवर ते बिनदिक्कत चालतं.