गतिरोधकांची अदलाबदल, जुन्या मोटारगाड्यांतील
जुन्या मोटारगाडीतील ढोल गतिरोधक काढून त्यांच्या जागी तिच्याच कुळातील दुसऱ्या गाडीचे तबकडी गतिरोधक बसविणे किंवा याउलट करणे. व्यवहारात या दोन प्रकारांना अनुक्रमे ड्रम ब्रेक व डिस्क ब्रेक म्हणतात.

महाराष्ट्रात हा प्रश्न मुख्यतः मुंबईतील कुर्ला येथे पूर्वी तयार होत असलेल्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या संदर्भात उद्‌भवतो. ही गाडी इटलीतील फियाट ११०० डी या नमुन्यावर आधारलेली असून १९७४ पासून ती पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या चारही चाकांना ढोल गतिरोधक होते. इटलीत मात्र १९६६ मध्ये आलेल्या ११०० आर या नमुन्यात पुढील चाकांना तबकड्या बसविण्यात आल्या. त्यामुळे भगिनीगाडीचे भाग आपल्या गाडीला बसतील, अशी अपेक्षा स्वाभाविकपणे निर्माण होते.

ढोल गतिरोधकात अस्तर लावलेले दोन अर्धवर्तुळाकार जोड फिरत्या ढोलाच्या आतील पृष्ठावर दाबले जातात. त्यांपैकी फिरण्याच्या दिशेकडील जोड घर्षणामुळे आपोआप अधिक घट्ट दाबला जातो. म्हणून पायाचा थोडा जोरही पुरतो. परंतु घाटाच्या दीर्घ उतारावर ढोल तापून प्रसरण पावतो, अस्तराचे घर्षण घटते व पायपट्टी खोल जाते. तबकडी हवेत उघडी असल्याने लवकर थंड होते व तिच्यावरील पाणीही झटकले जाते. तिच्यात मात्र आपोआप घट्ट होण्याचा गुण नसल्याने द्रवाचा दाब बराच जास्त लागतो. हा फरक नागपूर–उमरेड यासारख्या बहुतांशी सपाट मार्गावर फारसा जाणवत नाही. खंडाळ्याच्या घाटात तो निर्णायक ठरतो.

यावरून केवळ चाकाकडील भाग बदलून काम भागत नाही, हे स्पष्ट होते. तबकडीच्या दट्ट्यांना अधिक द्रव लागत असल्याने प्रमुख सिलिंडर त्यास अनुरूप असावा लागतो. बहुधा निर्वात साहाय्यकही जोडावा लागतो. ढोल पद्धतीच्या अनेक प्रमुख सिलिंडरांत नळीतील अल्प दाब टिकविणारी झडप असते. ती तशीच राहिल्यास तबकडीवरील अस्तरे सतत घासत राहतात. चाकाचा तुंबा, आस, धारवे आणि चाकाच्या आतील मोकळी जागा यांचा मेळ बसणेही आवश्यक असते.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा समतोलाचा आहे. गाडी थांबताना भार पुढील चाकांवर सरकतो. म्हणून पुढील गतिरोधक अधिक प्रभावी असावे लागतात. मागील चाके आधी जखडली तर गाडी आडवी फिरते. केवळ मागील चाकांना तबकड्या बसविणे किंवा मूळच्या तबकड्या काढून पुढे ढोल बसविणे यांमुळे हा समतोल बिघडतो. उजव्या व डाव्या बाजूंस निरनिराळे प्रकार बसविल्यास गाडी एका बाजूस ओढली जाते.

अशा कामानंतर नळ्यांतील हवा पूर्णपणे काढणे, गळती पाहणे आणि मोकळ्या जागी मंद वेगापासून क्रमाक्रमाने चाचणी घेणे इष्ट असते. निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफारांवर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने निर्बंध घातले आहेत. म्हणून मूळ ढोल चांगल्या स्थितीत असल्यास नवी अस्तरे, शुद्ध द्रव व योग्य समायोजन हाच पुष्कळदा अधिक सुरक्षित उपाय ठरतो.