मुलाचा निरोप घेऊनच निघा

जून महिन्यातली सकाळ. नवा गणवेश, नवं दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली. साडेतीन वर्षांचा माझा मुलगा मोठ्या ऐटीत बालवर्गाला निघाला. वर्गाच्या दारात मात्र त्याने माझी ओढणी घट्ट धरली. ‘‘तो खेळात रमला की तुम्ही हळूच निघा,’’ बाईंनी सुचवलं. मी तेच केलं.

त्या दिवसापासून तो घरातही मला नजरेआड होऊ देईना. मी बाथरूममध्ये गेले तरी दाराशी बसून रडायचा. रात्री दचकून उठायचा आणि माझा हात चाचपायचा. तेव्हा उमगलं, भीती शाळेची नव्हतीच. आई न सांगता नाहीशी होते, याची होती.

मग मी पद्धत बदलली. एवढ्या लहान मुलाला घड्याळ कळत नाही. म्हणून सांगू लागले, ‘‘आधी गाणी, मग डबा, मग गोष्ट. गोष्ट संपली की आई फाटकाशी.’’ एक पापा, टाटा आणि निघायचं. तो रडला तरीही. कोपऱ्यावर गेल्यावर मीही डोळे पुसत असे. पण शाळा सुटण्याआधी फाटकाशी हजर राहायला एकदाही चुकले नाही.

दहा-बारा दिवसांनी तोच म्हणाला, ‘‘आई, तू जा आता. गोष्ट संपली की ये हं!’’

निरोप घेताना मूल रडलं तर रडू द्या. आपण सांगितल्या वेळी परत येतो, हे पटलं की ते हळूहळू थांबतं.