‘काही झालेले नाही’ हे निदान नव्हे

गेल्या सत्रान्त परीक्षेत मी पर्यवेक्षक असलेल्या वर्गातील एक विद्यार्थिनी प्रश्नपत्रिका हाती पडताच काही मिनिटांत उठून उभी राहिली. छाती धडधडते आहे, श्वास पुरत नाही, बोटांना मुंग्या आल्या आहेत, आपण आता मरणार, असे ती कसेबसे सांगत होती. रुग्णालयात काढलेला कार्डिओग्राम निर्दोष निघाला आणि ‘काही झालेले नाही’ असे सांगून तिला घरी पाठविण्यात आले. ‘अभ्यास झाला नसेल,’ असा निवाडा प्राध्यापकांच्या खोलीत चहाबरोबर झाला. मीही गप्प राहिलो. उरलेल्या पेपरांना ती आली नाही.

वस्तुतः तिला बरेच काही झाले होते. वैद्यकशास्त्र ज्याला ‘पॅनिक ॲटॅक’ म्हणते, त्या भयाच्या झटक्याची ही परिचित लक्षणे होत. संकटसमयी पळण्यासाठी वा झुंजण्यासाठी शरीर ॲड्रेनलिन सोडते. हृदय वेगाने चालते, घाम फुटतो, हातपाय कापतात. श्वास जलद झाल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो. त्यामुळे चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. ही सारी यंत्रणा खरी असते. खोटे असते ते केवळ संकट. हा झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत कळसास पोहोचतो आणि मग ओसरतो. चिंतेचा विकार मात्र निराळा. तो महिनोन्‌महिने रेंगाळतो, झोप उडवितो, स्वभाव चिडचिडा करतो.

आम्हा अर्थशास्त्राच्या अध्यापकांना ‘पॅनिक’ हा शब्द बँकांच्या इतिहासातून ठाऊक आहे. बँक बुडणार या भयाने सारे ठेवीदार एकदम दाराशी लोटले, तर धडधाकट बँकही अडचणीत येते. भयच भयाला खरे ठरविते. १९८६ साली ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी या झटक्याची जी मीमांसा मांडली, ती याच जातीची आहे. धडधड जाणवते, तिचा अर्थ ‘हृदय बंद पडणार’ असा लावला जातो, त्या अर्थाने भय वाढते आणि भयाने पुन्हा धडधड. म्हणजे लक्षणाइतकाच लक्षणाचा अर्थही महत्त्वाचा.

अर्थात, हा अर्थ घरच्या घरी लावण्याचा नव्हे. छातीत दुखू लागल्यास, विशेषतः कळ हातात वा जबड्यात जात असल्यास, विलंब न करता रुग्णालय गाठलेच पाहिजे. थायरॉईडची अतिक्रियता किंवा हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता हीसुद्धा अशाच लक्षणांनी प्रकट होऊ शकते. तथापि, हे सारे तपासून झाल्यावर ‘काही नाही’ म्हणणे हे अर्धेच काम होय. रुग्णाच्या हाती पर्यायी अर्थ न दिल्यास तो स्वतःचा अर्थ घेऊन घरी जातो. पुढचा झटका केव्हा येईल या धास्तीने आधी गर्दीची बस सुटते, मग परीक्षा, मग नोकरी. ही हानी कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही.

१९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाली, तेव्हा ठेवीदारांना आपण ‘घाबरू नका’ एवढाच उपदेश केला नाही. १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू केला. भय शमते ते उपदेशाने नव्हे, विश्वासार्ह व्यवस्थेने. या विकारावर मानसोपचार आणि औषधे दोन्ही गुणकारी आहेत. २०२२ पासून ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांकही उपलब्ध आहे. तो प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर का नसावा? झटका आलेल्याजवळ शांतपणे बसावे, श्वास सावकाश सोडावयास सांगावे, आणि परीक्षा हुकल्यास ती पुन्हा देण्याची वाट नियमांत असावी, एवढे तरी आपल्या हाती आहे.

त्या मुलीला मी आता पत्र लिहिले आहे. ते त्याच दिवशी लिहावयास हवे होते.