अपठित इंग्रजी उताऱ्याचे आकलन : भिवंडीतील प्रवेशपरीक्षार्थींच्या संदर्भात

अपरिचित इंग्रजी उतारा वाचून त्यावरील प्रश्नांची उत्तरे देणे, हा विद्यापीठप्रवेशाच्या परीक्षांचा एक महत्त्वाचा भाग होय. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा घेण्यात आली. महादेव गोविंद रानडे हे त्या पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांपैकी एक होते. विद्यापीठाच्या दारावरची ती परीक्षा पुढे इतिहासजमा झाली. तथापि इंग्रजीच्या ज्ञानावर प्रवेश अवलंबून असण्याची प्रथा मात्र रूप बदलून टिकून राहिली. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ सालापासून सामाईक प्रवेशपरीक्षा सुरू झाली. तिच्या भाषाविषयक प्रश्नपत्रिकेत उताऱ्याच्या आकलनास ठळक स्थान आहे. महाराष्ट्रातही २०२४ सालापासून व्यवस्थापन व संगणक-उपयोजन या विषयांच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी राज्याची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा घेतली जाऊ लागली व तिच्यात इंग्रजी भाषेचा स्वतंत्र विभाग ठेवण्यात आला. त्यामुळे ज्या विद्यार्थ्यास पूर्वी बारावीच्या गुणांवर असे प्रवेश मिळू शकत, त्यास आता अपठित इंग्रजी मजकुराला मर्यादित वेळात सामोरे जावे लागते.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी या यंत्रमागाच्या शहरात या प्रश्नाला विशेष धार येते. कामवारी नदीकाठच्या या नगरात मराठी भाषकांच्या बरोबरीने उत्तर भारतातून आलेले उर्दू व हिंदी बोलणारे विणकर आणि तेलंगणातून आलेले तेलुगू भाषक पद्मशाली विणकर पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. येथे १९६६ साली नगरपालिकेच्या नावाने महाविद्यालय निघाले, तेव्हापासून उच्च शिक्षणाची सोय गावातच उपलब्ध आहे. परंतु मागावर काम करणाऱ्या कुटुंबातील मुलास किंवा मुलीस घरी इंग्रजी पुस्तक वा वृत्तपत्र मिळेलच असे नाही. अशा विद्यार्थ्याचा इंग्रजी वाचनाशी येणारा संबंध बहुतांशी पाठ्यपुस्तकापुरता व मार्गदर्शिकांपुरता मर्यादित राहतो. म्हणूनच सराव कोणत्या प्रकारचा असावा, हा प्रश्न त्याच्या बाबतीत केवळ अध्यापनपद्धतीचा राहत नाही. त्यावर त्याचा प्रवेश अवलंबून असतो.

१. मोजणे व शिकणे

प्रचलित सरावाचे स्वरूप सर्वपरिचित आहे. विद्यार्थ्याने मागील प्रश्नपत्रिका घ्यावी, घड्याळ लावून ती सोडवावी, उत्तरे ताडून पाहावी, मिळालेले गुण वहीत मांडावे आणि दुसरी प्रश्नपत्रिका उघडावी. या क्रमात एक तर्कदोष दडलेला आहे. तागडीत वारंवार बसल्याने माणसाचे वजन वाढत नाही. प्रश्नपत्रिका आकलन मोजते. ते कसे घडते हे ती दाखवीत नाही. उत्तर चुकले एवढे विद्यार्थ्यास कळते. कोणत्या वाक्यात, कोणत्या शब्दापाशी त्याचे वाचन वाट चुकले, हे त्यास कळत नाही.

शिवाय गुण हे आकलनाचे शुद्ध प्रमाणही नव्हे. केंद्रीय सामाईक परीक्षेच्या २०२५ सालच्या रचनेत ६० मिनिटांत ५० प्रश्न सोडवावयाचे होते, म्हणजे प्रत्येक प्रश्नास उतारा वाचण्याच्या वेळासह सरासरी ७२ सेकंद मिळत. बरोबर उत्तरास ५ गुण व चुकीच्या उत्तरास १ गुण वजा, असा नियम होता. चार पर्यायांपैकी एक डोळे मिटून निवडला तरी या नियमानुसार सरासरीने अर्धा गुण पदरात पडतो. दोन पर्याय बाद करता आले तर अंदाजाची सरासरी २ गुणांवर जाते. परीक्षेपुरते हे गणित विद्यार्थ्यास माहीत असावे, यात वावगे काही नाही. परंतु सरावातही अंदाजाने मिळालेला गुण आकलनाच्या खात्यावर जमा केला, तर उणीव झाकली जाते आणि ती नेमकी परीक्षेच्या दिवशी उघडी पडते.

२. शब्दसंग्रहाचा वाटा

उतारा न समजण्याचे कारण विचारले असता बहुतेक विद्यार्थी अवघड शब्दांकडे बोट दाखवितात. हे कारण खोटे नाही. हू व नेशन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, साहाय्यावाचून कथात्मक मजकूर पुरेसा समजण्यास त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द वाचकास ठाऊक असावे लागतात. ३०० शब्दांच्या उताऱ्यास हे प्रमाण लावले तर अनोळखी शब्द फार तर ६ असू शकतात. ही संख्या ३० वर गेली की वाचन संपून अंदाज सुरू होतो. यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो : प्रारंभीच्या सरावासाठी निवडलेला उतारा परीक्षेच्या उताऱ्याहून सोपा असणे आवश्यक आहे. आरंभापासूनच परीक्षेच्या पातळीचे उतारे देणे म्हणजे पोहू न शकणाऱ्यास खोल पाण्यात सोडणे होय.

परंतु शब्दांच्या याद्या पाठ करून सर्व अडचण दूर होत नाही. प्रत्येक शब्दाचा अर्थ ठाऊक असूनही वाक्याचा अर्थ हाती न लागणे, हा अनुभव विरळा नाही. त्याचे मूळ वाक्यरचनेत आहे.

३. वाक्यरचनेतील चार अडसर

एम. बी. एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक ‘भाषिक क्षेत्र’ असल्याचा सिद्धान्त मांडला. भिन्न कुळांतील भारतीय भाषांनी दीर्घ सहवासामुळे अनेक समान लक्षणे धारण केली आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. भिवंडीच्या वर्गास या विचाराचा प्रत्यक्ष उपयोग आहे. मराठी, उर्दू व हिंदी या आर्य भाषा आणि तेलुगू ही द्राविड भाषा. तरी या चारही भाषांत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते आणि क्रियावाचक विशेषण नामाच्या आधी बसते. इंग्रजीचा क्रम याहून निराळा आहे. म्हणून घरची भाषा भिन्न असली तरी या विद्यार्थ्यांच्या पुष्कळशा अडचणी समान आहेत.

पहिली अडचण विशेषणात्मक उपवाक्याची. ‘मुंबईत विकत घेतलेले कापड महाग पडते’ या मराठी वाक्यात ‘घेतलेले’ हे रूपच आपण विशेषण असल्याचे सांगते. इंग्रजीत हेच वाक्य ‘द क्लॉथ बॉट इन मुंबई कॉस्ट्स मोअर’ असे होते. येथे ‘बॉट’ हे रूप भूतकाळी क्रियापदासारखेच दिसते, त्यामुळे वाचक त्यालाच मुख्य क्रियापद समजतो आणि ‘कॉस्ट्स’ या शब्दापाशी अडखळतो. वाक्य लांब असेल तर अडखळल्याचे भानही राहत नाही.

दुसरी अडचण उभयान्वयी अव्ययांची. मराठी ‘जर–तर’, ‘जरी–तरी’, ‘जो–तो’ अशा जोड्यांनी दोन्ही उपवाक्यांच्या आरंभी खूण करते. इंग्रजी बहुधा एकाच खुणेवर भागविते; दुसरे उपवाक्य कोठे सुरू झाले हे वाचकाने स्वतः ओळखावयाचे असते. ‘अनलेस’ या शब्दात तर नकार पोटात लपलेला असतो. मराठीत तोच ‘नाही तोपर्यंत’ असा उघडपणे सांगावा लागतो.

तिसरी अडचण सर्वनामाची. ‘कारखान्याने गिरणीकडून सूत घेतले, ते ओले होते’ या वाक्यात ‘ते’ म्हणजे सूत, याविषयी शंका राहत नाही, कारण कारखाना पुल्लिंगी, गिरणी स्त्रीलिंगी व सूत नपुंसकलिंगी आहे. इंग्रजीत तिहींसाठी ‘इट’ हे एकच सर्वनाम. लिंगाच्या आधाराने संदर्भ लावण्याची सवय असलेल्या वाचकास येथे अर्थाच्या आधाराने तो लावावा लागतो. परीक्षांत सर्वनामाचा संदर्भ विचारणारे प्रश्न नेमके याच ठिकाणी बोट ठेवतात.

चौथी अडचण नकार व परिमाण यांची. ‘सगळे माग चालू नाहीत’ या वाक्याचा अर्थ ‘एकही चालू नाही’ असा होऊ शकतो, तसाच ‘काही चालू आहेत, काही बंद आहेत’ असाही होतो. बोलताना आघाताने तो स्पष्ट केला जातो. लिखित इंग्रजीत ‘नॉट ऑल’ व ‘नन’ हे भिन्न शब्दप्रयोग आहेत व पर्यायांची रचना बहुधा या भेदावरच उभारलेली असते. तद्वतच ‘थोडे कामगार आले’ व ‘थोडेच कामगार आले’ यांतील जो फरक मराठीत ‘च’ या अव्ययाने दाखविला जातो, तो इंग्रजीत ‘अ फ्यू’ व ‘फ्यू’ यांतील एका लहानशा उपपदावर अवलंबून असतो. घाईच्या वाचनात तेच उपपद नजरेतून निसटते.

४. पूर्वज्ञानाचे साहाय्य

शब्द व रचना यांच्याइतकेच महत्त्व विषयाच्या ओळखीला आहे. मार्गारेट स्टेफन्सन, चित्रा जोग-देव व रिचर्ड अँडरसन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात भारतीय व अमेरिकन वाचकांना दोन पत्रे वाचावयास दिली होती. एका पत्रात भारतीय विवाहाचे वर्णन होते, दुसऱ्यात अमेरिकन विवाहाचे. प्रत्येक गटाने आपल्याकडील विवाहाचे पत्र अधिक वेगाने वाचले व त्यातील अधिक तपशील लक्षात ठेवला. अमेरिकन वधूने आजीचा जुना विवाहवेष परिधान केला, हा त्या समाजात अभिमानाचा प्रसंग. परंतु एका भारतीय वाचकाने त्याचा अर्थ ‘पोशाख जुनाट झाला होता’ असा घेतला. भाषेच्या अज्ञानातून ही चूक झाली नव्हती; रीतिरिवाजाची ओळख नसल्याने ती झाली होती.

या निष्कर्षाचा उपयोग उलट दिशेनेही करता येतो. ताणा-बाणा, धोटा, सुताचे भाव, विजेचे भारनियमन या गोष्टी भिवंडीच्या विद्यार्थ्यास उत्तम ठाऊक असतात. वस्त्रोद्योगावरील इंग्रजी उतारा त्यास आरंभी दिला, तर विषय ओळखीचा असल्याने त्याचे सारे लक्ष रचनेकडे वळू शकते. रचनेवर पकड आल्यावर मग अपरिचित विषयांकडे जावे.

५. सरावाचा क्रम

वरील विवेचनावरून सरावाच्या पुढील पायऱ्या सुचतात. प्रथम, एका दिवशी एकच लहान उतारा घ्यावा व त्यास घड्याळ लावू नये. प्रत्येक वाक्यातील मुख्य क्रियापद अधोरेखित करावे आणि त्याचा कर्ता शोधावा. दुसरे, प्रत्येक सर्वनामापासून ते ज्या नामासाठी आले असेल त्या नामापर्यंत बाण काढावा. तिसरे, परिच्छेदाचा आशय स्वतःच्या भाषेत एका वाक्यात लिहावा. येथे मातृभाषेचा आधार घेण्यास संकोच करण्याचे कारण नाही. मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला याच आधारावर उभी होती. मात्र शब्दशः भाषांतर करू नये, आशय सांगावा. चौथे, प्रश्नांकडे वळल्यावर बरोबर पर्याय निवडून थांबू नये. उरलेले तीन का चुकीचे, हे उताऱ्यातील ओळ दाखवून लिहावे.

शेवटच्या पायरीचे एक उदाहरण पाहू. समजा, उताऱ्यात पुढील आशयाचे वाक्य आहे : ‘यंत्रमाग आल्यावर हातमाग नाहीसे झाले असे सामान्यतः मानले जाते, परंतु जेथे नक्षी गुंतागुंतीची व मागणी मर्यादित असते, तेथे ते टिकून राहिले आहेत.’ लेखकाचे मत कोणते, असा प्रश्न असून चार पर्याय दिले आहेत. ‘हातमाग नाहीसे झाले’ हे इतरांचे मत आहे. लेखकाने ते खोडण्यासाठी उद्धृत केले आहे. ‘हातमाग सर्वत्र टिकून आहेत’ यात लेखकाच्या विधानाचा अतिविस्तार आहे. ‘यंत्रमागाचे कापड स्वस्त असते’ ही गोष्ट व्यवहारात खरी असेल, पण उताऱ्यात ती नाही. ‘विशिष्ट परिस्थितीत हातमाग टिकले’ एवढाच पर्याय ग्राह्य ठरतो. यांपैकी तिसऱ्या पर्यायाविषयी भिवंडीच्या विद्यार्थ्याने विशेष सावध राहावे. कारण ज्यास विषय ठाऊक असतो, तोच उताऱ्यात नसलेली गोष्ट उताऱ्यात वाचण्याचा संभव अधिक. पूर्वज्ञान वाचनास साहाय्य करते. उत्तरास प्रमाण मात्र उताऱ्यातीलच शब्द असतात.

अशा रीतीने काही आठवडे वाचन केल्यावर, क्रियापद व संदर्भ खुणा न करताही दिसू लागले म्हणजे घड्याळ हाती घ्यावे. त्यावेळी जुन्या प्रश्नपत्रिका खरोखर उपयोगी पडतात. प्रत्येक चुकीपुढे ती शब्दाची, रचनेची, संदर्भाची की पर्यायाच्या मोहाची, अशी नोंद ठेवावी. गुणांच्या आकड्याहून ही नोंद पुढील सरावाची दिशा अधिक स्पष्टपणे दाखविते.

६. शाळांपुढील कार्य

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविली जाते. त्यामुळे आज बारावी उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती बारा वर्षांचा अवधी असतो. परंतु पाठ्यपुस्तकातील उताऱ्याचा अर्थ वर्गात आधीच सांगितला गेला असेल, तर त्यावरील प्रश्नोत्तरांत स्मरणाची परीक्षा होते, वाचनाची होत नाही. मायकेल वेस्ट यांनी ढाक्याच्या अनुभवावरून १९२६ साली असे मांडले होते, की भारतीय विद्यार्थ्यास इंग्रजीची सर्वांत निकडीची गरज वाचनासाठी आहे आणि शिक्षणाचा प्रारंभ तेथूनच व्हावा. प्रवेशपरीक्षेच्या निमित्ताने ती गरज आज पुन्हा समोर आली आहे.

आठवड्यातील एक तास न सांगितलेल्या, न समजावलेल्या सोप्या इंग्रजी मजकुराच्या वाचनास दिला, तर त्यासाठी वेगळा खर्च लागत नाही. अकरावीच्या आरंभापासून हा तास मिळालेल्या विद्यार्थ्यास परीक्षेपूर्वी दीड वर्षाहून अधिक काळ हाती राहतो; बारावीनंतर उरलेल्या थोड्या आठवड्यांत हे काम उरकण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. मराठी व उर्दू माध्यमांच्या शिक्षकांनी असे उतारे व त्यांवरील रचनाविषयक प्रश्न एकत्र बसून तयार केले, तर ते दोन्हीकडे चालू शकतील. कारण वर दाखविलेले पहिले दोन अडसर दोन्ही भाषांच्या विद्यार्थ्यांपुढे जवळजवळ सारखेच आहेत. सर्वनामांचे प्रश्न तेवढे प्रत्येक भाषेच्या लिंगव्यवस्थेप्रमाणे निराळे करावे लागतील.