जीवरक्षकाचे काम आणि त्याची नोंद

संज्ञा

बुडणाऱ्यास वाचवण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या आणि त्यासाठीच पाण्याकाठी नेमलेल्या व्यक्तीस जीवरक्षक म्हणतात. नागपूर परिसरात ‘गोताखोर’ हा शब्द अधिक रुळलेला आहे, पण दोघांच्या कामात भेद आहे. गोताखोराला बोलावणे जाते ते दुर्घटना घडून गेल्यावर. तो तळाशी उतरतो आणि बहुधा मृतदेह घेऊनच वर येतो. जीवरक्षक आधीपासून काठावर हजर असतो. अंतर काही मिनिटांचेच असते, पण श्वास बंद पडल्यावर मेंदूला प्राणवायूविना कायमची इजा होऊ लागते तीही चार ते सहा मिनिटांतच.

बुडणे कसे दिसते

चित्रपटात बुडणारा माणूस हात हलवतो, हाका मारतो. प्रत्यक्षात तसे क्वचितच घडते. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्यांचे चित्रीकरण करून त्यांच्या हालचालींचा अभ्यास केला. शरीर पाण्यात उभे राहते, हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबू लागतात आणि तोंड क्षणभर वर येऊन पुन्हा बुडते. तेवढ्या क्षणात श्वास घ्यायचा असतो. हाक मारायला हवा उरतच नाही. ही अवस्था सुमारे 20 ते 60 सेकंद टिकते. म्हणून शेजारी उभ्या असलेल्यांनाही काही कळत नाही. जीवरक्षकाच्या कौशल्याचा मोठा भाग पोहण्यात नसून पाहण्यात आहे, तो यामुळे. दंगा करणाऱ्या पोरांपेक्षा अचानक गप्प झालेल्या पोराकडे त्याची नजर आधी वळते.

बचावाचा क्रम

उडी हा शेवटचा उपाय होय. आधी काठी, बांबू, साडी किंवा ओढणी पुढे करायची. ते पुरले नाही तर दोर, हवा भरलेली ट्यूब किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकायचा. त्यानंतर डोंगा न्यायचा. काहीच साधले नाही, तरच प्रशिक्षिताने पाण्यात उतरायचे आणि तेही तरंगते साधन सोबत घेऊन. बुडणारा समोर येईल त्याला मिठी मारतो. त्यात त्याचा दोष नाही, पण त्या मिठीत दोघेही जातात. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडाल्याच्या बातम्यांमागे बहुतेकदा हा क्रम मोडलेला असतो.

लय

बाहेर काढलेल्याचा श्वास थांबला असेल, तर प्रशिक्षित व्यक्ती प्रथम तोंडाने श्वास देते, कारण बुडण्यात मूळ कमतरता प्राणवायूची असते. मग छातीच्या मध्यभागी 30 दाब, पुन्हा दोन श्वास, असे चक्र चालते. मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर दबली पाहिजे आणि गती मिनिटाला 100 ते 120 दाबांची हवी. घाबरलेला माणूस ही गती हमखास चुकवतो. त्याचे हात धावतात किंवा थकून मंदावतात. पाश्चात्त्य देशांत यासाठी त्याच गतीची लोकप्रिय गाणी मनात म्हणायला शिकवतात. आपल्याकडे ढोलकी किंवा तबला वाजवणाऱ्याला ही गोष्ट सहज उमगावी. दादरा सहा मात्रांचा, म्हणजे त्याची पाच आवर्तने बरोबर 30 मात्रांची. झपतालाची तीन आवर्तनेही तेवढीच. विदर्भात तुकडोजी महाराजांची खंजिरी गावोगावच्या भजनी मंडळांत पोहोचली आहे. लय न सोडता वाजवत राहण्याचा तो सराव छातीवर दाब देतानाही कामी येऊ शकतो. पोट दाबून पाणी काढणे किंवा पाय धरून उलटे टांगणे मात्र घातक आहे. त्यात मोलाची मिनिटे जातात.

घरातील जीवरक्षक

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात सुमारे 3 लाख माणसे बुडून मेली. बुडण्याचा सर्वाधिक धोका 1 ते 4 वर्षे वयाच्या मुलांना असतो. या वयात पहारा आई-बापांचाच. मूल थोडे मोठे झाले, की त्याच्या पाठीला पत्र्याचा डबा किंवा सुकलेला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकवणारा बाप, पोराच्या पोटाखाली तळहात धरून उभा असतो. हात किती हलका करायचा आणि केव्हा काढायचा, हे त्यालाच ठाऊक असते. जीवरक्षकाचे सगळे शास्त्र त्या तळहातात आहे.

नागपूरचे पाणी

समुद्रात लाट आणि ओढ दिसते. गोवा-मुंबईच्या किनाऱ्यांवर म्हणून नेमलेले जीवरक्षक असतात. तलावाचे पाणी शांत दिसते आणि तीच फसगत आहे. गाळात पाय रुततो, जलपर्णी अडकवते, गढूळ पाण्यात हातभर खालचे दिसत नाही. जुलै 2017 मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात तरुणांची नाव उलटून अनेकांचा जीव गेला. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी घरांत शिरले. विशेष म्हणजे, आपत्तीतून माणसे कशी वाचवावीत हे देशाला शिकवणाऱ्या संस्था याच शहरात आहेत: 1957 पासूनची, पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झालेली संस्था आणि राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय.

दखल

बुडून मेलेल्याची पोलिसांत ‘मर्ग’ म्हणून नोंद होते. वाचलेला माणूस ओल्या कपड्यांनी घरी जातो आणि त्याचा कागद कुठेच उरत नाही. जीव वाचवणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची जीवन रक्षा पदके 1961 पासून आहेत: सर्वोत्तम, उत्तम आणि जीवन रक्षा पदक. ती मरणोत्तरही दिली जातात. पण त्यासाठी राज्याकडून शिफारस जावी लागते, तीही घटनेनंतर ठरावीक मुदतीत, आणि शिफारशीला पुरावा लागतो. तेव्हा प्रत्येक तलावाच्या काठी एक नोंदवही असावी. वाचलेल्याचे नाव, तारीख, वेळ आणि त्याला बाहेर काढणाऱ्याचे नाव तिच्यात त्याच दिवशी लिहिले जावे.