आधी धूर बघ

निफाडहून लासलगावकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं गॅरेज. पहाटेचे सहा. पारा सहा-सात अंशांच्या आसपास आहे. इथून जवळच कुंदेवाडीचं गहू संशोधन केंद्र. थंडीच्या बातमीत निफाडचा आकडा येतो तो तिथला. समोरच्या द्राक्षबागेत घड वाचवायला पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर जमिनीलगत पसरलाय. इथे अंगणात मात्र सहा सिलिंडरचा एक जुना ट्रक उभा आहे आणि त्याच्या सायलेन्सरमधून धुराची रेघसुद्धा निघत नाही.

ड्रायव्हर पुन्हा चावी फिरवतो. सेल्फ कण्हतो, इंजिन जडपणे अर्धामुर्धा फेरा घेतं. त्याला खळ्यावर लाल कांदा भरायला पोचायचंय. हा माल उन्हाळ कांद्यासारखा महिनोन्‌महिने टिकत नाही, म्हणून त्याचा जीव टांगणीला लागलाय.

"बास! सेल्फ जाळशील," मिस्तरी म्हणतात. "दहा सेकंद मारायचा, मग मिनिटभर थांबायचं."

"अण्णा, डिझेल गोठलंय बहुतेक. एअर फिल्टरपाशी बोळा पेटवून धरू का?"

"अजिबात नाही. फिल्टर पेटला तर केबिनसकट जाईल. स्टार्टिंग स्प्रेचं नावही काढू नको, पिस्टनच्या रिंगा तुटतात."

ते टाकीतलं थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घेतात आणि बल्बसमोर धरतात. डिझेल गोठून त्यात मेण धरलं असतं तर ते गढूळ दिसलं असतं. हे स्वच्छ आहे. लडाखसारख्या ठिकाणी डिझेल खरोखरच गोठतं. तिथल्यासाठी उणे ३३ अंशांतही वाहतं राहणारं वेगळं डिझेल २०१९मध्ये आलं. इथलं दुखणं दुसरं आहे.

मिस्तरी मीटर काढतात. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनाच्या ब्लॉकला. "मार." काटा दोन व्होल्टच्या पुढे जातो. अर्धा व्होल्टसुद्धा जास्त मानायचा. म्हणजे बॅटऱ्या बऱ्या आहेत, पण त्यांची ताकद अर्थिंगच्या गंजक्या केबलमध्येच खर्च होतेय. पोऱ्या केबल सोडतो, चेसीवरचा गंज पॉलिश पेपरने घासून लखलखीत करतो आणि बोल्ट आवळतो.

सेल्फने इंजिन किती वेगाने फिरतं, याचं मोल मोठं आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. इंजिन हळू फिरलं की दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटते, उरलेली ऊब गार लोखंड शोषून घेतं. त्यात थंडीने ऑइल घट्ट झालेलं आणि बॅटरीही मंदावलेली.

"आता मार." इंजिन झपाट्याने फिरतं. पण पेटत नाही. मिस्तरी बॉनेटकडे वळूनही बघत नाहीत. त्यांची नजर सायलेन्सरवर आहे.

"धूर कुठाय? पांढरा धूर आला असता तर समजलो असतो, डिझेल पोचतंय पण पेटत नाही. इथं डिझेल पोचतच नाही."

ते डिझेल फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करतात, फीड पंपाचा हातदांडा दाबतात. फस्‌ फस्‌ करत फेस येतो. लाइनने एअर धरलीय. टॉर्च टाकीपासून पंपापर्यंत नळीवरून फिरते. सगळं कोरडं. ड्रायव्हर गोंधळतो: गळती असती तर डिझेल टपकलं असतं ना?

"ही ओढीची बाजू, दादा. पंप इथनं ओढतो. फटीतनं डिझेल भायेर येत नाही, हवा आत जाते. आन्‌ रात्रभर गाडी उभी राहिली की डिझेल मागं टाकीत उतरतं."

रबरी होज ते हातात वाकवतात. कडक झालेल्या रबरावर बारीक भेगा उमटतात. उन्हाळ्यात हेच रबर थोडं मऊ राहून क्लिपखाली बसत होतं आणि थोडी हवा गेली तरी गरम इंजिन चालू होत होतं. थंडीने बिघाड केलेला नाही, तिने तो उघडा पाडलाय. एरवी हाच ट्रक घाटात बंद पडला असता.

नवी होज, नव्या क्लिपा, बॅन्जो बोल्टला नवे तांब्याचे वॉशर. पुन्हा हातदांडा. फेस, मग बुडबुडे, मग सलग डिझेलची धार. स्क्रू आवळला जातो.

सेल्फ. सायलेन्सरमधून पांढरा लोट उसळतो, दोन सिलिंडर अडखळतात आणि मग सहाही लयीत येतात. ड्रायव्हरचा पाय रेसकडे जातो. मिस्तरी हात आडवा करतात, "ऑइल वर चढू दे." हळूहळू धूर विरळ होतो.

ड्रायव्हर खिशात हात घालतो. मिस्तरी फक्त सामानाचे पैसे घेतात.

"मजुरी उद्या. आता गाडी तापली, आता ती कशीही सुरू होईल. रात्रभर उभी ठेव. पहाटे हातदांड्याला हात न लावता सेल्फ मार आणि मला फोन कर. पहिल्या झटक्यात उचलली, तरच काम झालं म्हणायचं."