लग्नाचं शूटिंग ४के, कॉम्प्युटर मात्र अडकतो? आधी रॅम आणि डिस्क, मग ग्राफिक्स कार्ड

तुळशीचं लग्न उरकलं की तालुक्याच्या गावांतल्या फोटोग्राफरला उसंत नसते. कॅमेरे आता ४के झालेत, पण एडिटिंगचा कॉम्प्युटर जुनाच. टाइमलाइनवर क्लिप ओढली की अडकते, व्हिडिओ द्यायची तारीख टळते आणि पार्टीकडचं उरलेलं पेमेंटही लांबतं. मग कर्ज काढून नवा सेट घ्यायचं ठरतं आणि दुकानात पहिला प्रश्न येतो, "ग्राफिक्स कार्ड कोणतं टाकायचं?" इथेच पैसे चुकीच्या जागी जातात.

आधी फुटेजचा हिशेब

४के कॅमेरा १०० एमबीपीएसवर ठेवला तर तासाला ४५ जीबी फुटेज होतं. दोन कॅमेरे पाच-पाच तास चालले की एका लग्नाचे ४५० जीबी झाले. सीझनला वीस लग्नं घेतली तर ९ टीबी. एक टीबीचा एसएसडी दोन लग्नांत भरतो. आपल्या कामाचा हा आकडा कागदावर मांडूनच दुकानात जावं.

रॅम किती?

फुल एचडी कामाला १६ जीबी रॅम चालते. ४केसाठी ३२ जीबी धरावी. प्रीमियर प्रोसाठी अ‍ॅडोबीचीही शिफारस हीच आहे. रॅम कमी पडली की कॉम्प्युटर डिस्कचा काही भाग रॅमसारखा वापरतो आणि सगळंच रेंगाळतं. ३२ची एक पट्टी घेण्यापेक्षा १६च्या दोन घ्याव्यात, जोडीने त्या जास्त वेगाने चालतात. लॅपटॉप घेणाऱ्यांनी रॅम नंतर वाढवता येते का, हे आधीच विचारावं. काही लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच पक्की जोडलेली असते.

डिस्कची विभागणी

साधी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० एमबी वाचते, साटा एसएसडी ५५०च्या आसपास, तर एनव्हीएमई एसएसडी तीन हजारांच्या पुढे. शिवाय दोन कॅमेऱ्यांच्या क्लिप एकत्र चालवल्या की हार्ड डिस्कला एकाच वेळी दोन जागी वाचावं लागतं, म्हणून ती जास्तच अडखळते. त्यामुळे विंडोज आणि सॉफ्टवेअरला ५०० जीबीचा एक एनव्हीएमई, चालू कामाला एक किंवा दोन टीबीचा दुसरा आणि झालेलं काम ठेवायला मोठी हार्ड डिस्क, अशी वाटणी सोयीची पडते.

पण एकाच हार्ड डिस्कवर ठेवलेलं फुटेज म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क हातातून पडली किंवा बंद झाली तर सप्तपदी परत शूट करता येत नाही. दुसऱ्या डिस्कवर कॉपी हवीच, आणि ती स्टुडिओत न ठेवता घरी ठेवावी. दोन्ही कॉपी उघडून तपासल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करू नये.

ग्राफिक्स कार्ड कुणाला?

नुसतं कटिंग, गाणी आणि टायटल असेल तर महागडं कार्ड लागत नाही. दा विंची रिझॉल्व्हवर कलर ग्रेडिंग किंवा नॉइज काढायचं काम असेल तर मात्र कार्डावर खरा भार येतो. ४केसाठी तिथे ८ जीबीचं कार्ड बघावं.

एक गोष्ट दुकानदार बरेचदा सांगत नाही. नवे काही कॅमेरे १०-बिट ४:२:२ एच.२६५ मध्ये रेकॉर्ड करतात. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेच्या आधीची कार्डं हे फुटेज उलगडायला मदत करत नाहीत. इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं आतलं ग्राफिक्स मात्र ते काम करतं. इंटेल कोअर प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर त्यात आतलं ग्राफिक्स नसतं. थोडे पैसे वाचतात म्हणून तो घेतला की नंतर पस्तावायची वेळ येते.

यंदा बजेट नसेल तर?

प्रीमियर आणि रिझॉल्व्ह दोन्हींत प्रॉक्सीची सोय आहे. मूळ फुटेजच्या हलक्या कॉपी बनवून त्यावर एडिटिंग करायचं, शेवटचा व्हिडिओ मूळ फुटेजमधूनच निघतो. प्रॉक्सी रात्री लावून ठेवली की सकाळी जुन्या मशिनवरही काम पुढे सरकतं.

लाईटचा भरवसा नसलेल्या गावात यूपीएस सोडू नये. कोटेशनमध्ये '३२ जीबी रॅम, एसएसडी' एवढंच नको, कंपनी, मॉडेल आणि वॉरंटीसह लिहून घ्यावं. पैसे कमी पडले तर कार्ड एक पायरी खालचं घ्यावं, बॅकअपची डिस्क मात्र यादीतून काढू नये.